गाडीच्या पोटाखालचं डांबर

जुन्या गाडीचा विषय निघाला की सगळे आधी बॉनेट उघडतात. इंजिन बघतात, क्रोमवरून हात फिरवतात, हॉर्न वाजवून बघतात. गाडीखाली सरपटत जाऊन तिचं पोट मात्र कुणी बघत नाही. खरं तर गाडीचा इतिहास तिथेच लिहिलेला असतो. फक्त बऱ्याचदा त्यावर कुणीतरी डांबर फासलेलं असतं. आजचा लेख त्या डांबराबद्दल.

निमित्त असं की रेवदंड्याला एका मित्राच्या वाडीत १९५२ ची एमजी टीडी उभी आहे. हल्ली रस्त्यावर हेक्टर दिसते, तिच्यावरचा अष्टकोनी बिल्ला तोच. पण ही एमजी इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातली. दोन सीटा, १२५० सीसीचं इंजिन, वर कापडी टप. १९४९ ते १९५३ या काळात तीस हजारांच्या आतच टीडी बनल्या आणि त्यातल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या. मित्राच्या आजोबांनी ही सेकंडहँड घेतली आणि शेवटपर्यंत सांभाळली. आता मित्राला खालचं सगळं जुनं कोटिंग खरवडून गाडी नव्याने रंगवायची आहे. त्याचे बाबा म्हणतात, "हात लावायचा नाही. ते डांबर अण्णांनी मारलंय, म्हणून गाडी टिकलीय."

दोघांचंही बरोबर वाटतं की नाही? म्हणून मी जरा खोलात गेलो.

आधी अण्णांची बाजू. रेवदंडा म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कुंडलिकेची खाडी आणि पोर्तुगीज कोटाच्या आतच वसलेलं गाव. इथे पावसाळ्याआधी प्रत्येक गोष्टीला काहीतरी फासायची रीतच आहे. होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारतात, लाकडाला तेल पाजतात, पत्र्याला डांबर मारतात. अण्णांनी गाडीला होडीसारखंच वागवलं. आणि यात अडाणीपणा अजिबात नव्हता, कारण तेव्हा सगळं जग हेच करत होतं.

अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्याने १९४१-४२ च्या हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकायचं धोरण घेतलं. युद्धानंतर ही पद्धत पसरली आणि गाड्या खालून कुजायला लागल्या. मग डांबराच्या जातीचं जाड काळं अंडरकोटिंग मारून देणं हा धंदाच झाला. १९५९ मध्ये डेट्रॉइटमध्ये कुर्ट झीबार्ट यांनी गंजरोधनाचं दुकान काढलं. नुसतं खालून फासण्याऐवजी पत्र्याच्या आतल्या पोकळ्यांमध्येही फवारा पोचवायची त्यांची पद्धत होती. म्हणजे डेट्रॉइटला रस्त्यावर जे मीठ माणसं टाकत होती, ते रेवदंड्याला वाराच फुकटात आणून टाकतो :)

आता मित्राची बाजू. डांबर ताजं असताना ठीक असतं. पण वर्षानुवर्षं त्यातला तेलकट अंश उडत जातो, ते कडक होतं आणि त्याला केसाएवढ्या भेगा पडतात. त्या भेगांतून पाणी आत शिरतं, बाहेर मात्र येत नाही. सोबत मीठ. साधं मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच पाणी शोषून ओलं होतं. कोकणात पावसाळ्यात आर्द्रता त्याच्या खाली क्वचितच येते. म्हणजे गाडी शेडमध्ये, पाऊस बाहेर, तरी डांबराखाली पत्रा ओलाच. वर गंमत अशी की ज्या भागाला हवा कमी मिळते, नेमका तोच आधी झिजतो. गंजाचं आकारमान मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त, म्हणून तो फुगून कोटिंग आणखी उचलतो. बाहेरून सगळं काळं, एकसंध, छान!

आमच्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर हे लेगसी कोडवर मारलेले पॅच आहेत. प्रत्येक पॅच त्या दिवशी बरोबरच होता. दहाव्या पॅचनंतर खाली काय चाललंय ते कुणालाच दिसत नाही, इतकंच. गावातले मिस्त्रीकाका तर एका वाक्यात म्हणाले, "अरे, डांबर काय गंज खातंय का? त्यानं तो फक्त झाकलाय."

कारखान्यांनाही हे कळायला वेळ लागला. फोर्डमध्ये जॉर्ज ब्रूअर आणि सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात गाडीची अख्खी बॉडी रंगाच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने प्रायमर बसवायचं तंत्र विकसित केलं. पोर्शेने १९७५ मध्ये ९११ साठी जस्ताचा थर दिलेला पत्रा आणला. म्हणजे थर वरून फासायचा नाही, धातूशी एकजीव करायचा. टीडीच्या नशिबात यातलं काहीच नव्हतं. तिची चासी वेगळी, आणि बॉडीचा पत्रा चक्क अ‍ॅश लाकडाच्या सांगाड्यावर ठोकलेला. डांबराखाली अडकलेलं पाणी इथे पत्रा आणि लाकूड दोन्ही खातं.

म्हणजे काढायलाच हवं. पण कसं, यावर सगळं आहे. आणि इथे मला गाड्यांपेक्षा वणीच्या सप्तशृंगीची आठवण झाली. २०२२ च्या पावसाळ्यात दर्शन बंद ठेवून देवीच्या मूर्तीवरचा पिढ्यान्‌पिढ्यांचा शेंदराचा लेप काढला. टनभराहून जास्त शेंदूर निघाला आणि खालचं मूळ रूप दिसलं. तो लेप भक्तीनेच चढलेला होता आणि उतरवलाही भक्तीनेच. योगायोग म्हणजे पारंपरिक शेंदूर हा शिशाचा ऑक्साइड. जवसाच्या तेलात कालवून हाच लाल रंग जहाजांना आणि पुलांना गंजरोधक प्रायमर म्हणून जगभर मारला गेला. त्यामुळे जुन्या गाडीच्या डांबराखाली लाल थर दिसला तर तो कोरडा घासायचा नाही. ती धूळ विषारी असते. काही जुन्या अंडरकोटिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतूही असत. म्हणून आधी नमुना तपासून घ्यायचा आणि मास्क घातल्याशिवाय खाली जायचं नाही.

मित्राच्या डोक्यात सँडब्लास्टिंग होतं. झटपट होतं हे खरं, पण पातळ पत्रा वाकडा होऊ शकतो आणि वाळू लाकडाच्या सांध्यांत जाऊन बसते. परदेशात कोरड्या बर्फाचे कण मारतात. उणे ७८ अंशांना डांबर ठिसूळ होऊन सुटतं आणि मागे कचरा राहत नाही. गावातला मार्ग म्हणजे पेट्रोलची टाकी उतरवून ठेवायची, हीट गनने थोडं थोडं मऊ करायचं आणि पट्टीने खरवडायचं. कंटाळवाणं काम, पण हाताला खालचं कळत राहतं.

आणि ते कळणं कागदोपत्रीही महत्त्वाचं आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांचे नियम काढले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली, चासी-बॉडीत मोठे फेरफार नसलेली गाडी त्यात बसते. नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. टीडीचा चासी नंबर पुढच्या टोकाला धातूवर ठोकलेला असतो, म्हणजे आमच्या बाबतीत डांबराखाली. तिथे उत्साहाने ग्राइंडर फिरला की गाडी चकाचक होईल आणि तिची ओळखच पुसली जाईल.

माझं मत मी दोघांनाही सांगितलं. अण्णांनी जपली ती गाडी, डांबर नव्हे. ते आज असते तर गंज बघून पहिली पट्टी त्यांनीच हातात घेतली असती. बाबा काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी जुनं आरसी बुक शोधून बाहेर काढलं.

काम दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर. आधी गोड्या पाण्याने मीठ धुवायचं, एका वेळी एकच भाग उघडा करायचा आणि त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमर मारायचा, कारण समुद्राकाठी उघडं लोखंड रात्रभरात तांबूस होतं. सुरुवात नंबरापासून, हाताने. तिथली पट्टी बाबा धरणार आहेत.