आगाखान पॅलेस आणि हृदयरक्षक पेप्टाइडे

गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई : १५ ऑगस्ट १९४२ रोजी येरवड्याच्या आगाखान पॅलेसमध्ये, अटकेला आठवडाही झाला नसताना, हृदयविकाराच्या झटक्याने निधन, वय ५०. मूळ लेखाचा लेखक हृदयविकाराच्या याच ओघात हृदयरक्षक म्हणून हेक्झारेलिनकडे वळतो, ते औषध मात्र कितीतरी नंतरचे. हे कृत्रिम पेप्टाइड वाढीचे संप्रेरक स्रवावे म्हणून घडवलेले. गंमत अशी, की पीयूषिका ग्रंथी काढलेल्या, म्हणजे ते संप्रेरक जवळपास नसलेल्या उंदरांच्या हृदयालाही १९९९च्या प्रयोगात त्याने रक्तपुरवठा तुटून होणाऱ्या इजेपासून जपले. हृदयात सीडी३६ हा त्याचा वेगळा ग्राहीही सापडला. हेक्झारेलिनच्याच जातीच्या जीएचआरपी-६ने क्यूबातल्या संशोधकांच्या डुकरांवरील प्रयोगांत हृदयस्नायूंची हानी कमी केली. लेखकाने या पेप्टाइडांसाठी वापरलेला ‘रामबाण’ हा शब्द मात्र संपादकाला मान्य नाही : पुरावा मुख्यतः प्राण्यांवरचाच आहे.