नेम धरणाऱ्यांसाठी एका अंधाने घडवलेले पिस्तूल

मराठीत अंधांवरच्या म्हणी कमी नाहीत. ‘आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं’ ही तर शाळेतच पाठ होते. या म्हणींतला अंध माणूस फसणारा, दुसऱ्यावर विसंबून राहणारा असतो. डोळस माणसाचे काम सोपे करणारी वस्तू तो घडवू शकेल, हे त्यांच्या गावीही नसते. मिखाईल मार्गोलिनची हकीकत म्हणूनच सांगण्यासारखी आहे.

मार्गोलिनचा जन्म १९०६ चा. १९२४ मध्ये एका चकमकीत या सोव्हिएत सैनिकाच्या डोक्याला गोळी लागली. जीव वाचला, पण दृष्टी कायमची गेली. तेव्हा तो अवघा अठरा वर्षांचा होता. पुढे हाच तरुण शस्त्रांचा रचनाकार झाला. सुटे भाग तो बोटांनी चाचपून समजून घेई. मनातली रचना माती, मेण, लाकूड यांच्या नमुन्यांतून सहकाऱ्यांना दाखवी. रेघा ओढण्याचे काम इतरांचे, यंत्र मात्र त्याच्या डोक्यातले.

दुसऱ्या महायुद्धानंतर त्याने खेळासाठी पॉइंट टू टू बोअरचे सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल तयार केले. या पिस्तुलापुढची अडचण काय होती? २५ मीटरवर पाच लक्ष्ये शेजारी शेजारी उभी असतात. प्रत्येकावर एक, अशा पाच गोळ्या आधी आठ, मग सहा आणि शेवटी चार सेकंदांत झाडायच्या. (आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले, तो प्रकारही २५ मीटरचाच, त्याचे नियम मात्र वेगळे.) चार सेकंदांच्या फेरीत एका गोळीच्या वाट्याला सेकंदही येत नाही. तेवढ्यात झटका सोसायचा, हात पुढच्या लक्ष्याकडे न्यायचा आणि पुन्हा नेम धरायचा.

सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलात प्रत्येक गोळीनंतर स्लाइड मागे सरकते, रिकामे काडतूस बाहेर फेकते आणि पुढे येताना नवे भरते. बहुतेक पिस्तुलांत नेमाची मागची खाच या स्लाइडवरच बसवलेली असते. म्हणजे ज्या खाचेतून पाहायचे, तीच दर गोळीला मागेपुढे धावते. परतताना ती केसभर जरी चुकली, तरी फरक पडतो. पुढची माशी आणि मागची खाच यांत साधारण २२ सेंटीमीटर अंतर धरा. खाच ०.१ मिलिमीटर सरकली, तर २५ मीटरवर गोळी सेंटीमीटरभर बाजूला जाते.

मार्गोलिनने नळी सांगाड्यावर पक्की बसवली. मागची खाच स्लाइडवरून काढून सांगाड्याला जोडलेल्या एका कमानीवर ठेवली. आता स्लाइड त्या कमानीखालून धावते आणि खाच जागची हलत नाही. उपाय ऐकायला साधा आहे, पण अशा साध्या बदलांनीच पिस्तूल अचूक होत जाते.

नळी उसळण्याचा प्रश्न उरलाच होता. नळी मुठीच्या वर असते, म्हणून झटक्याने पिस्तुलाचे तोंड वर उचलले जाते. त्यावर सोव्हिएत रचनाकारांनी याच पिस्तुलाची मांडणी जवळजवळ उलटी केली आणि नळी हाताच्या रेषेत खाली आणली. आता झटका सरळ मागे, दंडाकडे जाऊ लागला. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये सोव्हिएत नेमबाज हे उलटे पिस्तूल घेऊन उतरले. त्यांच्यातल्या येव्हगेनी चेर्कासोव्हने या जलद नेमबाजीत रौप्यपदक मिळवले. नंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलले. नळी हाताच्या वरूनच गेली पाहिजे, अशी अट आली आणि उलटे पिस्तूल स्पर्धेबाहेर गेले. मार्गोलिनचे सरळ पिस्तूल मात्र पुढेही अनेक वर्षे इझेव्हस्कच्या कारखान्यात तयार होत राहिले आणि देशोदेशींच्या नेमबाजांच्या हाती पोहोचले.

१९७५ मध्ये मार्गोलिनचे निधन झाले. आपल्या पिस्तुलाने कागदी लक्ष्यावर पाडलेली भोके त्याने कधी पाहिली नाहीत. पण नेम कुठे बिघडतो हे त्याने ओळखले आणि तिथेच दुरुस्ती केली. आपल्या गल्लीत, आपल्या घरात एखादे अंध मूल असेल, तर ‘बिचारा’ म्हणून आपण मोकळे होतो. त्याच्या हाती हत्यारे, यंत्रे, सुटे भाग कधी देतो का? मार्गोलिनला कुणीतरी ते दिले होते.