जालना प्रांतांतील माळवदें व लांकडाची वखार

आपल्याकडे एखाद्या जुन्या वाड्याचा इतिहास लिहावयाचा म्हणजे तो बहुधा मालकाचा इतिहास होतो. वतन कोणीं मिळविलें, सनद कोणाच्या शिक्क्याची, वाडा कोणत्या शकांत उभा राहिला, भाऊबंदकी कशी झाली, एवढें सांगितलें कीं लेखक कृतार्थ होतो. ज्या तुळयांवर तो वाडा उभा असतो त्या कोठून आल्या, कोणीं विकल्या, कोणत्या मापानें मोजल्या व त्यांचे पैसे कसे फिटले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखांत हा प्रश्न जालना जिल्ह्यापुरता घेऊन आम्ही असें दाखवूं इच्छितों कीं, जेथें इमारती लांकडाचें रान जवळ नाहीं तेथें बांधकाम करणाराचा खरा आधार म्हणजे गांवची स्वतंत्र लांकडाची वखार. आणि म्हणून त्या वखारीचें दप्तर हें वाड्याच्या सनदेइतकेंच जतन करण्याजोगें साधन आहे.

प्रथम मुलखाची स्थिति पाहूं. हल्लींचा जालना जिल्हा ता. १ मे १९८१ रोजीं अस्तित्वांत आला. तत्पूर्वीं जालना, अंबड, भोकरदन व जाफराबाद हे तालुके औरंगाबाद जिल्ह्यांत व परतूर तालुका परभणी जिल्ह्यांत होता. उत्तरेस अजिंठ्याची डोंगररांग, दक्षिणेस गोदावरी, मधून पूर्णा, दुधना व कुंडलिका या नद्या, आणि जमीन बहुतांशीं काळी, कापसाची. अशा मुलखांत बाभूळ, निंब, आंबा, चिंच हीं बांधावरचीं झाडें मिळतात. परंतु सरळ, लांब व वाळवीस दाद न देणारें सागवान विपुल नाहीं. जालना शहर मात्र पूर्वींपासून संपन्न पेठ. इ. स. १६७९ त शिवछत्रपतींनीं ही पेठ लुटली ती तिच्या संपत्तीमुळेंच. पुढें निजामुल्मुल्काच्या आज्ञेवरून काबिलखानानें इ. स. १७२५ त येथें किल्ला बांधला व इ. स. १८२७ त येथें इंग्रजांनीं फौजेची छावणी वसविली. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण सर्वश्रुत आहे. सारांश, पैसा गांवांत, लांकूड रानांत, आणि रान दूर, अशी ही स्थिति होती.

या मुलखांतील जुनें घर म्हणजे माळवद. बाहेर दगडामातीच्या जाड भिंती. आंत तळखड्यांवर उभे केलेले खांब. खांबांवर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा किलचा, आणि सर्वांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. हा थर उन्हाळ्यांत घर थंड ठेवतो खरा, परंतु त्याचें ओझें किती असतें याची कल्पना वाचकांस असावी. दहा फूट लांब व दहा फूट रुंद अशा जागेवर एक फूट जाडीचा थर घातला तर १०० घनफूट माती चढते. घनफुटास ४५ किलो धरले तरी तें ओझें ४,५०० किलोंच्या घरांत जातें, व पावसाळ्यांत माती भिजली म्हणजे त्यांत आणखी भर पडते. हा सर्व भार लांकडावर. म्हणूनच घराचें माप लांकडानें ठरे. दोन तुळयांमधील अंतरास ‘खण’ म्हणतात, व जुन्या कागदांत घराचा आकार खणांच्या संख्येनें सांगितलेला असतो हें दप्तरें चाळणारांस ठाऊकच आहे. जितकी लांब कडी मिळेल तितका रुंद खण. तेव्हां गांवांत कोणत्या लांबीचें लांकूड मिळूं शकतें यावर गांवच्या सोप्यांची रुंदी अवलंबून राही.

थोरांस ही अडचण नसे. शनिवारवाड्याचा पाया ता. १० जानेवारी १७३० रोजीं घातला गेला; त्यास सागवान जुन्नरच्या रानांतून, दगड चिंचवडच्या खाणींतून व चुना जेजुरीहून आला असें सांगतात. ज्याच्या हातीं राज्य त्याच्या हुकुमानें रान चालत येतें. इ. स. २०२३ त अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठीं बल्लारपूरहून सागवान रवाना झालें, तेंही याच न्यायानें. परंतु राजसत्तेलाही लांकडाच्या बाबतींत मर्यादा पाळावी लागे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत आरमारासाठीं लांकूड तोडण्याचें प्रकरण आहे. आंबा, फणस यांसारखीं झाडें रयतेनें लेंकरांप्रमाणें वाढविलेलीं असतात, तीं बळानें तोडूं नयेत. एखादें जीर्ण झाड घ्यावयाचें तर धन्यास राजी करून, मोल देऊन घ्यावें, असा त्यांतील उपदेशाचा आशय आहे. राज्यासही लांकूड विकत घ्यावें लागे, तेथें चार खणांचें घर बांधणाऱ्या कुणब्याची किंवा वाण्याची कथा काय? त्यानें रानांत जावें कधीं, झाड निवडावें कसें, व तें गाड्यांवर घालून आणावें कोणाच्या बळावर? ही उणीव वखारीनें भरून काढली.

‘वखार’ हा शब्द आमच्या वाचकांस सुरतेच्या व राजापूरच्या इंग्रजी वखारींमुळें परिचित आहे. इतिहासाच्या पुस्तकांत वखार म्हटली कीं टोपीकर डोळ्यांपुढें येतो. परंतु बाजारांत हा शब्द माल सांठविण्याच्या जागेचा वाचक आहे, व लोकांच्या तोंडीं तो लांकडाच्या संबंधानें विशेष टिकून राहिला. दुसरा शब्द ‘गुत्तेदार’. पुण्याकडे ज्यास मक्तेदार किंवा कंत्राटदार म्हणतात त्यास मराठवाड्यांत गुत्तेदार म्हणतात. ‘गुत्त’ हा तेलुगु शब्द असून निजामी राज्याबरोबर तो इकडे रुजला. घराचा गुत्ता घेणारा मिस्त्री किंवा गवंडी हाही गुत्तेदार, व जंगलतोडीचा गुत्ता घेणाराही गुत्तेदार. या दोन गुत्तेदारांच्या मधोमध वखारवाला बसलेला असे.

इ. स. १९०० च्या सुमारास मनमाड ते हैदराबाद हा गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग सुरू होऊन जालन्यास स्टेशन झालें. त्यापूर्वीं सर्व भार बैलगाड्यांवर होता; त्यानंतर दूरचा माल येणें सुलभ झालें. महाराष्ट्राच्या या भागास जीं सागाचीं रानें उपयोगी पडण्याजोगीं आहेत तीं तीन: नांदेडकडील किनवटचें, वऱ्हाडांतील मेळघाटाचें व चांद्याकडील आलापल्लीचें. मेळघाटच्या मालाची पेठ परतवाडा, चांद्याच्या मालाची बल्लारपूर. या ठिकाणीं वनखात्याच्या विक्री आगारांत लांकूड लिलावानें विकलें जातें. लिलाव ढिगाचा होतो, एकट्या तुळईचा होत नाहीं. रक्कम मुदतींत भरावी लागते. माल हलवावयास वाहतुकीचा परवाना लागतो. ज्यास सहा कड्या व एक चौकट पाहिजे त्या मिस्त्र्यास या लिलावाचा काय उपयोग? वखारवाला ढीग घेतो, आणि मिस्त्र्यास त्यांतली एक तुळई देतो.

वखारीचा पहिला उपयोग हा असा फुटकळ विक्रीचा. दुसरा उपयोग निवडीचा. सागाच्या ओंडक्यांत आंतील गाभा टिकाऊ व बाहेरील पांढरें लांकूड कच्चें असतें. वाळवी पांढऱ्यास आधीं धरते. खांबास कोणता नग चालेल, गांठ कोठें असली म्हणजे तुळई दगा देईल, आडवा चिरलेला नग कोणता व उभा कोणता, हें वखारींत हात लावून पाहतां येतें. दुरून मागविलेल्या मालांत ही सोय नाहीं.

तिसरा उपयोग मुरवणीचा. ओलें लांकूड घरांत घातलें कीं तें आंत सुकून वळतें, चौकटी फांकतात, सांधे सुटतात. इंचभर जाडीस सुमारें एक वर्ष असा हवेनें सुकविण्याचा ढोबळ नियम आहे. जालन्याच्या कडक उन्हांत लांकूड उघडें टाकल्यास टोकें फाटतात. म्हणून थरांमध्यें पट्ट्या घालून, टोकांस डांबर फासून तें सावलींत रचावें लागतें. या वर्षादोनवर्षांचें व्याज कोण सोसणार? गुत्तेदाराजवळ तेवढें भांडवल नसे, मालकास तेवढी सबूर नसे. वखारवाला तें सोशी. वखारींत रचलेला ढीग म्हणजे एका अर्थीं सांठविलेला काळच होय.

चौथी गोष्ट मापाची. ओंडक्याचा मधला घेर घेऊन त्याच्या चौथाईचा वर्ग करावयाचा व लांबीनें गुणावयाचें, ही रीत या धंद्यांत रूढ आहे. लंडनच्या एडवर्ड हॉपस यानें इ. स. १७३६ त छापलेल्या कोष्टकांनीं ती प्रसिद्ध झाली. चार फूट घेर व बारा फूट लांबी असेल तर या रीतीनें माल १२ घनफूट भरतो. वास्तविक तो सुमारें १५¼ घनफूट असतो. म्हणजे पंचमांशाहून थोडा अधिक भाग हिशेबांत येत नाहीं. चिराईंत जाणाऱ्या सालपटांची ती भरपाई समजली जाते. परंतु घेर सालीसकट घ्यावा कीं साल काढून, मधोमध घ्यावा कीं बुडाशीं, हें टेप धरणाराच्या सचोटीवर राहतें. गांवची वखार गांवांतच राहणार असते. आज खोटें माप दिलें तर उद्यां तोच मिस्त्री समोर उभा राहतो. मापाची शाश्वती कायद्याहून या शेजारानें अधिक मिळते.

पांचवा व सर्वांत मोठा उपयोग पतीचा. काळ्या मातीच्या मुलखांत पैसा वर्षांतून एकदोनदांच हातीं येतो. कापूस विकला म्हणजे. घर मात्र उन्हाळ्यांत, पावसाच्या आधीं पुरें करावें लागतें. मालक गुत्तेदारास सुगीचा वायदा करतो, गुत्तेदार तोच वायदा वखारींत करतो. अशा रीतीनें गांवचें घर पुष्कळदां वखारवाल्याच्या उधारीवर उभें राहतें. घर पाडावयाची वेळ आली तर जुन्या तुळया परत घेणाराही तोच.

वखारवाला धर्मात्मा असतो असें आमचें म्हणणें नाहीं. सुगीनंतर भाव चढविणें, गाभ्याच्या मालांत पांढऱ्याची भेसळ करणें, उधारीच्या जोरावर गुत्तेदारास दुसऱ्या वखारींत जाऊं न देणें, हे दोष या धंद्यांत आहेत, व एकाच गांवीं एकच वखार असली म्हणजे ते विशेष बळावतात. म्हणूनच आम्ही ‘स्वतंत्र’ या शब्दावर भर देतों. गांवांत दोनतीन वखारी असल्या, व प्रत्येकीचा धनी निराळा असला, म्हणजेच वरील उपयोग खरे होतात.

आतां या संस्थेच्या उतरत्या काळाविषयीं. ता. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं किल्लारीच्या भूकंपानें लातूर व उस्मानाबाद या जिल्ह्यांत सुमारें ८,००० माणसें दगावलीं. दगडामातीच्या भिंती कोसळल्या, वरील मातीचा भार अंगावर आला. कित्येक घरांत भिंती पडूनही खांब व तुळया यांचा सांगाडा उभा राहिल्याचें पाहणी करणारांनीं नोंदलें आहे. परंतु लोकांनीं माळवदाचा धसका घेतला तो घेतलाच. पुढें ता. १२ डिसेंबर १९९६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें गोदावर्मन खटल्यांत दिलेल्या आदेशापासून वनतोड व आरागिरण्या यांवर कडक नियंत्रण आलें. वनरक्षणाच्या दृष्टीनें तें अवश्यच होतें. इकडे सिमेंट व लोखंडी सळई यांनीं तुळईची जागा घेतली. जालना शहर आज लोखंडी सळयांच्या कारखान्यांसाठीं प्रसिद्ध आहे. जें गांव दूरचें लांकूड विकत घेई तेंच आतां लांकडास हटविणारें लोखंड दूरदूर पाठवितें. वखारींत आतां तुळया कमी व दाराच्या चौकटी, प्लायवूड हा माल अधिक, अशी स्थिति झाली आहे.

यांत आमच्या वाचकांचें कर्तव्य कोणतें? जुनीं माळवदें पाडलीं जातात तेव्हां नक्षीचे खांब शहरांतील हौशी लोक विकत नेतात; साध्या तुळया चिरल्या जातात; आणि वखार बंद झाली कीं कीर्द व खतावणी रद्दींत जाते. जालन्याची पेठ बहुभाषी, म्हणून या वह्या मोडींत, महाजनींत किंवा उर्दूतही असूं शकतील. महाराष्ट्रांतील या धंद्यांत कच्छी पाटीदारांचाही मोठा वाटा असल्यामुळें गुजरातींतील वह्याही पाहाव्या लागतील. ताम्रपटासाठीं दहा कोस चालणाऱ्या आमच्या संग्राहकांनीं या वह्यांकडे ‘दुकानदारी कागद’ म्हणून पाठ फिरवूं नये. लांकडाची जात, तें कोठून आलें, माप, दर, घेणाराचा धंदा, आणि उधारी कोणत्या महिन्यांत फिटली, एवढ्या सहा गोष्टी उतरून घेतल्या तरी एका तालुक्याच्या राहणीचा इतिहास हातीं येईल.

लांकूडही मुकें नसतें. सागास वर्षागणिक स्पष्ट कडीं पडतात, व पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेंतील संशोधकांनीं अशा कड्यांवरून गतकालीन पर्जन्यमानाचा अभ्यास केला आहे. परंतु तुळई कोणत्या रानांतली हें कळलें तरच त्या कड्यांतला पाऊस कोणत्या मुलखाचा हें निश्चित सांगतां येतें. आणि रानाचें नांव वखारीच्या वहींतच सांपडण्याचा संभव अधिक. तुळई एकीकडे व वही दुसरीकडे गेली कीं दोन्ही निरुपयोगी होतात. तेव्हां जालना, अंबड, परतूर, भोकरदन येथील मंडळींनीं आपल्या गांवची एखादी तरी वखार बंद होण्यापूर्वीं तेथें जाऊन धन्याजवळ जुन्या वह्यांची चौकशी करावी, व मिळतील त्यांच्या नकला करून ठेवाव्यात, अशी आमची विनंति आहे. इत्यलम्.