हॉलमधला एसी आणि त्याचं वेळापत्रक

“सोसायटीच्या इतिहासावर काहीतरी लिहा,” असं सेक्रेटरींनी सांगितलं. कन्व्हेयन्स, लिफ्ट, गच्चीचं वॉटरप्रूफिंग यांवर बाकीचे सभासद लिहीतच आहेत. मी लिहितोय हॉलच्या भिंतीवरच्या त्या पांढऱ्या डबीवर. तिच्यावरून आपल्या एजीएममध्ये जेवढा वाद झाला, तेवढा पार्किंगवरूनही झाला नसेल!

या डबीला थर्मोस्टॅट म्हणतात. तिचा इतिहास सुरू होतो एका शाळेपासून. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात वॉरन जॉन्सन हे शिक्षक होते. हिवाळ्यात शिपाई प्रत्येक वर्गात डोकावून तापमान बघायचा आणि मग तळघरात जाऊन भट्टीची झडप कमी-जास्त करायचा. शिकवणं मधेच थांबायचं. कंटाळून जॉन्सन यांनी खोलीतलं तापमान बदललं की शिपायाला घंटी वाजवून कळवणारं विजेचं यंत्र बनवलं. १८८३ साली त्याचं पेटंट मिळालं. पुढे झडप आपोआप हलू लागली, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला थर्मोस्टॅटला घड्याळ जोडलं गेलं. रात्री भट्टी मंद आणि पहाटे घरचे उठायच्या आत पुन्हा तेज. वेळापत्रकाची कल्पना आली ती अशी.

तिकडे आधी उबेची सोय झाली, मग गारव्याची. मुंबईत हीटर लागतो कुणाला? इथे प्रश्न गारव्याचाच. १९३३ साली कुलाब्याचं रीगल थिएटर वातानुकूलित म्हणून सुरू झालं, तेव्हा गारवा तिकीट काढून घ्यावा लागे. २५ डिसेंबर २०१७ रोजी पहिली एसी लोकल आपल्या बोरिवलीहून चर्चगेटला सुटली, तोवर आपल्या इमारतीत बऱ्याच खिडक्यांबाहेर एसीचे डबे लटकले होते.

हॉलमध्ये एसी बसला तेव्हा तो चालू-बंद करायचं काम वॉचमनकाकांकडे होतं. पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे, गेट, आणि त्यात ही भर. एकदा बारशाचा कार्यक्रम आटोपून सगळे घरी गेले आणि एसी रात्रभर रिकामा हॉल गार करत बसला. बिल आलं तेव्हा काकांना बोलणी खावी लागली. नंतर हॉलचं नूतनीकरण करताना ही डबी बसवली.

तिच्यातलं वेळापत्रक म्हणजे दोनच गोष्टी: वेळ आणि तापमान. सकाळी साडेसहाला २६ अंश, बाराला बंद, संध्याकाळी सहाला पुन्हा २६, दहाला बंद. एक ओळ पुढची ओळ येईपर्यंत लागू राहते. शनिवार-रविवारच्या ओळी वेगळ्या. हवा २६ वर आली की कॉम्प्रेसर थांबतो आणि साधारण अंशभर वाढली की पुन्हा सुरू होतो. हे अंतर मुद्दाम ठेवलेलं असतं, नाहीतर कॉम्प्रेसर दर मिनिटाला चालू-बंद होऊन खराब होईल. आणि तरुण मंडळींनो, १८ लावल्याने हॉल लवकर गार होत नाही! आपल्या हॉलमधल्या कॉम्प्रेसरचा वेग एकच. तो फक्त जास्त वेळ चालतो. एक अंश वाढवला तर सुमारे ६ टक्के वीज वाचते, असा केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्युरोचा हिशोब आहे. म्हणूनच १ जानेवारी २०२० पासून नवे एसी सुरुवातीला २४ अंशांवर लावलेले यावेत, असा नियम झाला.

बिल उतरलं, सगळे खूश. पण गेल्या मे महिन्यात दुपारी ज्येष्ठांचं भजन चालू असताना एका काकूंना चक्कर आली. एसी बाराला बंद झालेला, डबीला कुलूप आणि कोड कमिटीकडे. चूक यंत्राची नव्हती. दुपारी हॉलमध्ये कुणी नसतं, असं आपणच त्याला सांगून ठेवलं होतं.

पंचवीस वर्षांपूर्वी ते खरंही होतं. सकाळची लोकल पकडून आपण सगळे ऑफिसला जायचो. आज तेच सभासद निवृत्त होऊन दुपारी घरी असतात. अमेरिकेतही असंच झालं. तिथे घरांसाठी उठणं, बाहेर जाणं, परत येणं, झोपणं असे दिवसाचे चार भाग ठरवले गेले. लोकांची आयुष्यं त्यात बसेनात, शिवाय बटणांची कटकट. कुणी वेळापत्रक भरलंच नाही, कुणी ‘होल्ड’ दाबून ते कायमचं बाजूला ठेवलं. अशा थर्मोस्टॅटना १९९५ पासून मिळणारं ‘एनर्जी स्टार’ हे सरकारी मानचिन्ह २००९ च्या अखेरीस थांबवलं गेलं. नुसती डबी बसवून वीज वाचत नाही, हे तोवर कळून चुकलं होतं.

म्हणून रौप्यमहोत्सवानिमित्त माझी एक सूचना. दर एजीएममध्ये हिशोब वाचतो, तसं हॉलचं वेळापत्रकही मोठ्याने वाचावं. कोण कधी येतं, कोण यायचं बंद झालं, हे विचारावं. आणि कोड वॉचमनकाकांनाही द्यावा. दुपारी हॉलमध्ये कोण बसलंय, हे त्यांनाच पहिलं दिसतं.

तूर्तास मार्च ते जून, दुपारी दोन ते पाच, २६ अंश, एवढी एक ओळ वाढवली आहे. बिल थोडं वाढेल. भजनाला मात्र सगळ्यांनी जरूर यावं.