लाल-निळ्या पट्ट्यांचा इतिहास

मंडळी, दिवाळीच्या आधी घर आवरायला काढलं की एकाच सेटमधल्या वाट्या चार वेगवेगळ्या कपाटांत सापडतात. वाट्या हरवलेल्या नसतात, पण पानं वाढायची तर चारही कपाटं उघडावी लागतात. हार्ड डिस्कवरच्या फाइल्सचं अगदी हेच होतं. त्यांचे विखुरलेले तुकडे पुन्हा सलग लावणं म्हणजे डीफ्रॅगमेंटेशन. या आवराआवरीसाठी कुठलं साधन घ्यावं, हा प्रश्न घरगुती संगणकवाल्यांना वीसेक वर्षं पडत होता. निवड चुकली तर नुसता वेळ जायचा असं नाही, कधी कधी फाइल्सही जायच्या!

आधी मूळ बघू. १९७७ साली मायक्रोसॉफ्टच्या मार्क मॅकडोनल्ड यांनी 'फाइल अलोकेशन टेबल' म्हणजे फॅट ही पद्धत तयार केली. फाइलचा एक तुकडा कुठे आहे आणि पुढचा कुठे, याची ही साधी वही. ती फ्लॉपीसाठी होती, तिथे छान चालली. १९८३ मध्ये आयबीएमचा पीसी एक्सटी १० मेगाबाइटची हार्ड डिस्क घेऊन आला आणि तीच वही तिथेही वापरात आली. जुनी फाइल पुसली की मधे भोक पडायचं, नवी फाइल त्या भोकांमध्ये तुकड्या-तुकड्यांनी बसायची.

याने किती फरक पडतो? मिनिटाला ७२०० फेऱ्या मारणाऱ्या डिस्कची एक फेरी साधारण ८.३ मिलिसेकंदांची. हवा तो भाग डोक्याखाली यायला सरासरी अर्धी फेरी, आणि डोकं सरकायला आणखी आठ-नऊ मिलिसेकंद. म्हणजे एका तुकड्यामागे बारा-तेरा मिलिसेकंद. हजार तुकडे झालेल्या फाइलला नुसत्या धावपळीत बारा-तेरा सेकंद! युनिक्सच्या जगात बर्कलीच्या मंडळींनी १९८४ मध्ये मांडलेल्या 'फास्ट फाइल सिस्टिम'ने लिहितानाच जागा विचारपूर्वक द्यायची आणि दहाएक टक्के डिस्क मोकळी ठेवायची, असा उपाय केला. पसारा होऊच द्यायचा नाही. पीसीवाल्यांच्या वाट्याला मात्र पसारा झाल्यावरची आवराआवर आली.

त्यासाठी ऐंशीच्या दशकात नॉर्टन युटिलिटीजमधलं 'स्पीड डिस्क' आलं. १९९३ च्या एमएस-डॉस ६ मध्ये सिमँटेककडून घेतलेलं 'डीफ्रॅग' फुकट मिळू लागलं. डॉसची ही साधनं थेट डिस्कवर हात घालत. मधेच वीज गेली तर फाइल अर्धी इकडे, अर्धी तिकडे राहण्याची भीती. आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसायचा, म्हणून यूपीएस नसलेल्या घरात हे काम जपूनच करावं लागे. १९९५ मध्ये विंडोज ९५ ने लांब नावांच्या फाइल्स आणल्या. त्या न ओळखणारी जुनी साधनं चालवली तर ती नावंच उडायची. म्हणजे 'कुठलं साधन वेगवान' याआधी 'कुठलं साधन माझी डिस्क ओळखतं' हे विचारणं भाग होतं.

खरा बदल झाला १९९६ मध्ये, विंडोज एनटी ४.० बरोबर. फाइलचे तुकडे हलवण्याची सोय ऑपरेटिंग सिस्टिमनेच दिली. साधनाने फक्त सांगायचं, 'हा तुकडा तिथे ठेव'. सांभाळून ठेवण्याची जबाबदारी विंडोजची. गंमत म्हणजे एनटी ४ मध्ये स्वतःचं डीफ्रॅग साधन नव्हतंच! ते विंडोज २००० मध्ये आलं, एक्झिक्युटिव्ह सॉफ्टवेअरच्या 'डिस्ककीपर'ची छोटी आवृत्ती म्हणून. २००१ च्या एक्सपीतही तेच होतं. लाल म्हणजे तुकडे झालेल्या फाइल्स, निळ्या सलग, हिरव्या न हलणाऱ्या, पांढरी मोकळी जागा. शाळेत असताना त्या लाल पट्ट्या निळ्या होताना बघत बसणं हा माझा आवडता टाइमपास होता.

विकतची साधनं पुष्कळ होती: पूर्ण डिस्ककीपर, परफेक्टडिस्क, ओ अँड ओ डीफ्रॅग. फुकटात जेके-डीफ्रॅग, आणि एकेका फाइलपुरतं सिसइंटर्नल्सचं 'काँटिग'. जाहिराती वेगाच्या असायच्या. पण यातली बरीचशी साधनं आतून विंडोजचीच ती सोय वापरत. फरक असे तो वेळापत्रक, पेजफाइलसारख्या अडून बसलेल्या फाइल्स आणि कमी जागेत काम करण्याच्या कुवतीत. एक्सपीच्या साधनाला नीट काम करायला १५ टक्के जागा मोकळी लागे. सर्व्हर चालवणाऱ्याला हे फरक मोलाचे. घरी पत्रं लिहिणाऱ्याला आणि फोटो ठेवणाऱ्याला मात्र नको त्या फाइल्स काढून आतलंच साधन चालवणं पुरेसं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

२००७ मध्ये घरोघरी आलेल्या व्हिस्टाने तो नकाशाच काढून टाकला आणि काम आठवड्यातून एकदा आपोआप होऊ लागलं. ६४ मेगाबाइटपेक्षा मोठे तुकडे तर ते जोडायचंही नाही, कारण एवढ्या मोठ्या तुकड्यापुढे डोकं सरकण्याचा वेळ नगण्य. मग एसएसडी आल्या. त्यांत फिरणारं काही नाही, त्यामुळे तुकडे शोधायला धावपळ नाही. उलट लिहिण्याला मर्यादा असल्याने उगाच आवराआवर म्हणजे झीज. म्हणून २००९ च्या विंडोज ७ ने एसएसडीवर नेहमीचं डीफ्रॅग बंद ठेवलं, आणि २०१२ च्या विंडोज ८ ने साधनाचं नावच 'ऑप्टिमाइझ ड्राइव्हज' केलं.

आता हे सगळं कशाला सांगायचं? कारण आपल्यापैकी अनेकांच्या आईबाबांकडे भारतात एखादा जुना संगणक कपाटात असतो, आणि लग्नाचे, बारशाचे फोटो फक्त त्यातच असतात. यंदा सुट्टीत गेलात आणि तो हळू चालतोय असं दिसलं, तर लगेच डीफ्रॅग लावू नका. कुरकुरणाऱ्या जुन्या डिस्कला तासन् तास धावायला लावलं तर ती कायमची बसू शकते. आधी फोटो दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या, दोन-चार उघडून बघा. मग वाटल्यास आवराआवर करा, आणि तेव्हा विंडोजमधलं साधन पुरे.