शर्यत हरलेल्यांनी उघडलेले दार : ‘किकर’ चुंबकाची कथा

(१)
विज्ञानाचा इतिहास आपण बहुधा शोधांच्या सनावळीतून वाचतो. १९६२ : दुसऱ्या प्रकारचा न्यूट्रिनो. १९७३ : न्यूट्रल करंट. या दोन सनांच्या मधोमध एका चुंबकाची कथा आहे. सेकंदाच्या सुमारे एक कोटीव्या भागात जागे होणारे हे चुंबक. आजचा धागा त्याविषयी.

(२)
२४ नोव्हेंबर १९५९. जीनिव्हाजवळच्या ‘सर्न’मधील नव्या प्रोटॉन सिंक्रोट्रॉनने प्रोटॉनांना २४ गिगा इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेपर्यंत नेले. महायुद्ध संपून जेमतेम चौदा वर्षे झाली होती. त्याच जातीचा अमेरिकेचा ब्रूकहेवन येथील त्वरक अजून काही महिने दूर होता. निदान या एका क्षेत्रात युरोप पुढे होता.

(३)
मात्र त्वरकाच्या रचनेतच एक विरोधाभास असतो. त्याच्या कड्यातील प्रत्येक चुंबक प्रोटॉनांचा झोत आत राखण्यासाठी असतो. इतक्या सायासाने वेगवान केलेले प्रोटॉन बाहेर काढायचे कसे? सोपा मार्ग असा, की बाहेर काढूच नयेत. लक्ष्य म्हणून धातूचा तुकडा कड्याच्या आतच झोताच्या वाटेत धरावा. प्रारंभी हाच मार्ग पत्करला गेला.

(४)
१९६१ साली सर्नमध्ये न्यूट्रिनोंच्या प्रयोगाची सिद्धता चालू होती. प्रोटॉन लक्ष्यावर आदळले की पायॉन निर्माण होतात आणि त्यांच्या क्षयातून न्यूट्रिनो मिळतात. पण लक्ष्य कड्याच्या आत असल्याने पायॉनांना लगतच्या चुंबकाच्या क्षेत्रातून जावे लागे आणि ते विखुरले जात. गी फोन डार्डेल यांनी हिशेब मांडला, तेव्हा न्यूट्रिनो अपेक्षेपेक्षा फारच थोडे मिळतील हे उघड झाले. प्रयोग थांबवावा लागला.

(५)
ब्रूकहेवनलाही लक्ष्य कड्याच्या आतच होते. परंतु तेथील मांडणी अधिक अनुकूल ठरली. १९६२ साली लेडरमन, श्वार्ट्झ आणि स्टाइनबर्गर यांच्या गटाने म्युऑन-न्यूट्रिनो हा स्वतंत्र कण असल्याचे सिद्ध केले. १९८८ चे नोबेल त्यासाठीच. आधी यंत्र उभारूनही सर्नने ही शर्यत गमावली.

(६)
येथे इतिहासाच्या अभ्यासकाने थांबावे असा एक तपशील आहे. झोत झटक्यात बाहेर काढण्याची योजना पराभवानंतर सुचलेली नव्हती. कायपर आणि प्लास यांनी तिचा अहवाल १९५९ मध्येच लिहिला होता. कल्पना कागदावर होती. तिच्यावाचून अडते कुठे, हे १९६१ ने दाखवून दिले.

(७)
अडचण केवढी होती? कड्याचा परीघ ६२८ मीटर. प्रकाशाच्या जवळपास वेगाने धावणारे प्रोटॉन एक फेरी सुमारे २.१ मायक्रोसेकंदांत पुरी करत. ते २० पुंजक्यांत विभागलेले असत. दोन पुंजक्यांत सुमारे १०० नॅनोसेकंदांचे अंतर. चुंबकाला शून्यापासून पूर्ण शक्तीपर्यंत पोचायचे, ते या फटीतच. उशीर झाला, तर अर्धवट धक्का बसलेले प्रोटॉन यंत्राच्याच भिंतीवर आदळणार.

(८)
साध्या विद्युतचुंबकाला हे जमत नाही. वेटोळ्यांतील प्रवाह एकाएकी वाढू पाहिला, की वेटोळीच त्याला विरोध करतात. म्हणून किकरमध्ये वेटोळी अगदी मोजकी आणि गाभा फेराइटचा असतो. ऊर्जा आधीच उच्च व्होल्टेजवर साठवून ठेवतात आणि अतिजलद स्विचमधून एका क्षणात सोडतात. धरणात पाणी अडवून एकदम दार उघडावे, तसे.

(९)
तरीही हा धक्का लहानच असतो. झोत किंचित कलतो, एवढेच. पुढे ‘सेप्टम’ नावाचे दुसरे चुंबक उभे असते. त्याच्या पातळ पडद्याच्या एका बाजूला क्षेत्र असते, दुसऱ्या बाजूला जवळजवळ नसते. किकरने कललेला झोत पडदा ओलांडून क्षेत्रात शिरतो आणि तेथून कड्याबाहेर वळवला जातो.

(१०)
आणखी एक पेच होता. आरंभी झोत रुंद असतो, ऊर्जा वाढत जाते तसा तो आक्रसतो. किकरचे तोंड अरुंद होते. ते आधीपासून वाटेत ठेवले असते तर झोतच अडला असता. म्हणून झोत आक्रसल्यावर हायड्रॉलिक यंत्रणेने किकर आत सरकवायचा, काम होताच मागे घ्यायचा. दर काही सेकंदांनी हीच कसरत.

(११)
१९६३ साली हे दार उघडले. लक्ष्य आता कड्याबाहेर ठेवता येऊ लागले, आणि त्याभोवती सायमन व्हान डर मीर यांचे ‘हॉर्न’ बसवता आले. विखुरणाऱ्या पायॉनांना एका दिशेत आणणारे हे साधन. शिवाय सगळा झोत दोनएक मायक्रोसेकंदांत येत असल्याने, बाकी वेळी येणाऱ्या वैश्विक किरणांच्या नोंदी बाजूला काढणे सोपे झाले. ब्रूकहेवनच्या निष्कर्षाला सर्नने पुष्टी दिली. पहिलेपणाचा मान मात्र हुकला तो हुकलाच.

(१२)
त्याचे फळ दहा वर्षांनी मिळाले. १९७३ साली सर्नच्या ‘गार्गामेल’ बुडबुडा-कक्षात न्यूट्रल करंट दिसले : न्यूट्रिनो धडकतो, पण म्युऑनमध्ये न बदलता न्यूट्रिनो म्हणूनच निघून जातो. क्षीण बल आणि विद्युतचुंबकीय बल यांना एका सूत्रात गुंफणाऱ्या सिद्धांताला मोठा आधार मिळाला. त्या प्रयोगातील न्यूट्रिनोंमागे झटक्यात बाहेर काढलेला झोत आणि हॉर्न हीच जोडी होती.

(१३)
आज सर्नच्या २७ किलोमीटरच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये प्रत्येक झोतासाठी १५ किकर केवळ एका कामासाठी सज्ज असतात : धोका दिसताच झोत ग्रॅफाइटच्या ठोकळ्याकडे वळवणे. त्यांच्यासाठी झोतात ३ मायक्रोसेकंदांची फट मुद्दाम मोकळी राखली जाते. प्रयोगासाठी उघडलेले दार आता यंत्राचा जीव वाचवते.

(१४)
१९६२ चा इतिहास जेत्यांच्या नावांनी लिहिला गेला, आणि ते रास्तच आहे. पण १९७३ समजून घ्यायचे असेल, तर १९६१ चा थांबलेला प्रयोग आणि १९५९ चा तो अहवालही वाचावा लागतो. सनावळीत या दोहोंना सहसा जागा नसते.