भोगीचा राळा रानातनं कुठं गेला?



भोगीच्या आधी आठवडाभर इचलकरंजीच्या बाजारात राळ्याची छोटी पाकिटं दिसायला लागतात. पाव किलो, फार तर अर्धा किलो. तीळ, बाजरीचं पीठ आणि राळं, तिन्ही एकदमच घेतलं जातं. संक्रांत झाली की पुढच्या जानेवारीपर्यंत राळ्याचं नाव कोण काढत नाही. पूर्वी हेच धान्य आपल्या माळाला पिकायचं. ते रानातनं कसं गेलं आणि सणाला तेवढं कसं राहिलं, याचा थोडा इतिहास आज लिहितोय. आपल्या ताटाचाच इतिहास आहे हा. त्यात शाळू येतो, ऊस येतो, रेशन येतं आणि आता घरोघरी आलेला साखरेचा आजारपण येतो.

आधी पाण्याच्या अगोदरचं रान बघू. पंचगंगेच्या काठाला मळीची काळी जमीन, तिच्यावर रब्बीचा शाळू. वरच्या बाजूला मध्यम जमिनीत पावसाळी जोंधळा, भुईमूग, तूर, मटकी, चवळी. जोंधळ्यात कडधान्याच्या ओळी असायच्याच, नुसतं एक पीक कोण घेत नव्हतं. बांधाकडंला अंबाडी. तिच्या पाल्याची भाजी व्हायची आणि वाखाचे दोर. हलक्या माळाला राळा. 80-90 दिवसांत येतो, पाणी मागत नाही, खत मागत नाही. विहिरीचं पाणी असेल त्या तुकड्यात खपली गहू. मोटंवर भिजायचं तेवढंच बागायत.

ह्या धान्यांचं वेळापत्रक सणांत बांधलेलं होतं. नागपंचमीला जोंधळ्याच्या लाह्या. गौरी आली की तिला भाजी-भाकरी. मार्गशीर्षात कोल्हापुरात रेणुकेची आंबील यात्रा भरते. तिथं आजही आंबील, घुगऱ्या, वडी-भाकरी, वरणं-वांगं, मेथी, कांद्याची पात असा निवद असतो. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी, राळ्याचा भात आणि घेवडा, पावटा, वांगं, गाजर, ओला हरभरा घालून केलेली भाजी. म्हणजे त्या महिन्यात शिवारात जे असेल तेच देवाला. आमची आज्जी म्हणायची, भोगीला घरात राळा नसला तर शेजारणीकडनं मूठभर मागून आणायचा, पण भात शिजवायचाच. आता विचार केला की कळतं, त्या मुठीमुळंच एखाद्या घरातलं बी संपलं तरी गावातलं संपत नव्हतं.

तरीबी जुनं सगळं चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. ज्वारी-बाजरीचा दाणा उघडा असतो, मळला की दळायला तयार. राळ्याला वर टरफल असतं. तो उखळात मुसळानं कांडावा लागतो, पाखडावा लागतो, परत कांडावा लागतो. हे सगळं बायकांच्या अंगावर. पहाटे जातं, दिवसा रान, सांजच्याला कांडण. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा पहिला सुस्कारा आया-बायांनीच टाकला. गिरणीत ज्वारी दळून मिळायची, पण राळा सडून मिळायचा नाही. मग कांडायचं कोणी? राळा मागं पडायचं पहिलं कारण हे आहे. आणि गव्हाची पोळी म्हणजे सण. ती रोज खाणारी घरं गावात बोटावर मोजण्याइतकी. रोज भाकरी खाणं ही आवड नव्हती, तेवढंच परवडायचं.

मग पाणी आलं. शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भोगावती नदीवर राधानगरीच्या धरणाचं काम हाती घेतलं. ते मध्ये थांबलं आणि स्वातंत्र्यानंतर पुरं झालं. नदीवर बंधारे झाले, आणि त्या बंधाऱ्यांची पद्धत पुढं सगळ्या राज्यात कोल्हापूरच्याच नावानं ओळखली गेली. पाठोपाठ इंजनं, विजेच्या मोटारी, पाणीपुरवठा संस्था. 1950 च्या दशकात रत्नाप्पाण्णा कुंभारांच्या पुढाकारानं आपल्याकडं पंचगंगा साखर कारखाना उभा राहिला. नंतर शिरोळचा दत्त, हुपरीचा जवाहर आले. ऊस आला तसा पैसा आला. कौलं जाऊन स्लॅब पडली, पोरं शिकली. माझी दहावीसुद्धा उसाच्या बिलावरच झाली. त्यामुळं उसाला नावं ठेवणं मला जमणार नाही. पण ऊस शिवारात एकटा राहतो, शेजार ठेवत नाही. बारा ते अठरा महिने रान अडकतं, वर खोडवा. जोंधळ्यातल्या चार ओळी कडधान्याच्या, बांधावरची अंबाडी, माळावरचा राळा, ह्यांना जागाच उरली नाही. पाणी पोचलं तसा माळसुद्धा उसाखाली गेला.

त्याच काळात दुसरीकडनं ताट बदलत होतं. 1956 पासून अमेरिकेच्या पी.एल. 480 योजनेतनं गहू देशात यायला लागला. 1972 च्या दुष्काळात रेशनला लाल मिलो ज्वारी मिळाली. आई सांगायची, त्या मिलोची भाकरी थापताना चिरायची, पण पोटाला आधार होता. दुष्काळी कामावर सुकडी मिळायची. ज्या लोकांनी ते दिवस काढले त्यांच्या मनात ज्वारी म्हणजे टंचाई असं बसलं. आधी 1964 साली देशातला पहिला संकरित ज्वारीचा वाण सी.एस.एच. 1 आला होता. दाणा भरपूर, मुदत कमी. पण पावसाळ्यात कणसं भिजून दाणा काळा पडायचा, भाकरीला चव नाही, कडबा आखूड. लोकांनी 'हायब्रीड' हा शब्दच कमकुवत माणसाला लावून टाकला. खरं तर त्या वाणानं अनेकांची पोटं भरली, पण जिभेवर बसला नाही तो नाहीच.

पुढं रेशनवर गहू-तांदूळ पक्का झाला. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ 3 रुपये, गहू 2 रुपये आणि भरडधान्य 1 रुपया किलो असं लिहिलं होतं. 2023 पासून तर धान्य फुकट आहे. पण आमच्याकडं दुकानात बहुतेक वेळा गहू-तांदूळच बघायला मिळतो. जे स्वस्तात दारात येतं तेच रोज शिजतं, ह्यात कुणाचा दोष काढायचा? पूर्वी पोळी सणाला आणि भाकरी रोज होती. आता चपाती-भात रोज आणि भाकरी धाब्यावर गेल्यावर, पांढऱ्या रश्श्याबरोबर.

शाळूनं मात्र बरीच तग धरली. तो शेवटी हरला पाखरांपुढं. शिवारात पन्नास एकर शाळू असतो तेव्हा पाखरं वाटून खातात, कुणाला जाणवत नाही. सगळीकडं ऊस आणि मध्ये एकट्याचा वीस गुंठे शाळू असला तर आख्ख्या शिवाराची पाखरं त्याच्यावरच उतरतात. माळ्यावर बसून गोफण फिरवायला पूर्वी घरातली पोरं असायची. आता पोरं शाळेत, मोठी माणसं यंत्रमागावर नाहीतर एमआयडीसीत. काढणीला, कणसं खुडायला माणूस मिळत नाही. त्यामुळं एकेकानं सोडला, आणि एकानं सोडला की पुढच्याला ठेवणं आणखी अवघड झालं. 1980 च्या सुमारास महाराष्ट्रात ज्वारी 60 लाख हेक्टरच्या घरात होती. आज त्यातला तिसरा हिस्सासुद्धा धड राहिलेला नाही.

आता बातम्यांकडं येऊ. 2018 हे आपल्या देशानं भरडधान्य वर्ष म्हणून पाळलं. भारताच्या प्रस्तावावरनं संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष केलं. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात ह्या धान्यांना 'श्रीअन्न' म्हटलं गेलं. पुण्या-मुंबईत राळ्याची बिस्किटं निघाली. नाव मोठं मिळालं, चांगली गोष्ट आहे. पण शेतकरी हिशोब बघतो. 2025-26 साठी मालदांडी ज्वारीचा हमीभाव 3749 रुपये क्विंटल. एकरी 10 क्विंटल धरली तर साडेसदतीस हजार, वर कडबा. उसाची एफआरपी 10.25 टक्के उताऱ्याला 3550 रुपये टन. एकरी 40 टन धरला तर 1 लाख 42 हजार, त्यातनं तोडणी-वाहतूक वजा. ऊस पुढंच आहे, हे झाकण्यात अर्थ नाही. फक्त शाळू चार महिन्यांत रान मोकळं करतो, दोन-तीन पाण्यांत येतो आणि जनावरांना वर्षाचा कडबा देतो, हे त्याच कागदावर लिहायला पाहिजे. शिरोळ भागात जास्त पाण्यानं जमिनी क्षारपड झाल्या, त्या सुधारायला जमिनीखालनं पाइप टाकून निचरा करावा लागला. तो खर्चही कुठंतरी मांडायला हवा.

दुसरा हिशोब घरातला. आमच्या घरात दोघांना साखर आहे. गल्लीत मोजायला गेलं तर घर सुटणार नाही. डॉक्टर सांगतात भाकरी खा. पण भाकरी म्हणजे औषध नव्हे. ज्वारीतही पिष्ट असतंच. बसून चार भाकरी खाल्ल्या तर साखर वाढणारच. भाकरीबरोबर पालेभाजी, उसळ, शेंगदाण्याची नाहीतर जवसाची चटणी असं ताट होतं आणि दिवसभर रानातलं काम होतं, तेव्हा ती अंगी लागत होती. भाकरीत तंतू जास्त, त्यामुळं पोट लवकर भरतं, एवढा फायदा नक्की. नाचणीत 100 ग्रॅमला 340 मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तांदळात 10 च्या आसपास. वाढत्या पोरांना आणि बायकांना आठवड्यातनं दोनदा आंबील दिली तर काय वाईट आहे? गोळ्या चालू असतील तर त्या मनानं बंद करू नका.

मला ह्या इतिहासातनं एकच गोष्ट दिसते. सणानं राळा वाचवला, पण पाव किलोपुरता. देवाला लागतो म्हणून चव विसरली नाही, पण बी आपल्या हातातनं गेलं. सण बाजारातल्या पाकिटावर चालू राहील, वाण तसा टिकणार नाही. तो दरवर्षी मातीत पडायला लागतो.

म्हणून यंदा आम्ही शिवेला शीव असलेले पाच जण मिळून शाळू करायचं ठरवलंय. खोडवा मोडून मोकळं झालेलं रान, प्रत्येकाचे वीस-वीस गुंठे, पण एकाला एक लागून. त्यानं पाखरांचा मार वाटला जाईल आणि राखण आळीपाळीनं करता येईल. पेरणी 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबरच्या आत, उशीर झाला की खोडमाशी जास्त. बी एकरी 4 किलो, काणी येऊ नये म्हणून किलोला 4 ग्रॅम 300 मेशचं गंधक चोळून. भारी जमिनीत पाण्याखाली राहुरीच्या विद्यापीठाचा फुले रेवती, एकाच्या कोरडवाहू तुकड्यात फुले वसुधा आणि मी थोडी मालदांडी 35-1 भाकरीसाठी. राळा जूनमध्ये दोन गुंठे, घराजवळ. टरफल काढायचं छोटं यंत्र बचत गटानं घेतलं तर तो कांडायचा त्रास परत बायकांच्या माथी येणार नाही. ते झालं नाही तर राळा वाढवायच्या गप्पा मारू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

कुणाच्या घरात, उतरंडीत नाहीतर गाडग्यात राळ्याचं जुनं गावरान बी असेल तर कळवा. मूठभर पुरे. पुढच्या वर्षी दोन मुठी परत करीन. आणि तुमच्या भागात भोगीला काय करतात, ते धान्य रानात अजून आहे का नुसतं पाकिटात, तेही लिहा.